कमी पडलेली लोकर

करंज्या पिठात पुरून नेल्या की गाडीच्या हिसक्यांनी मोडत नाहीत, असं अहिल्यावन्सं म्हणाल्या, म्हणून प्रेमलानं त्या पिठाच्या डब्यात पुरल्या. कागदाचा तारा घडी घालून नवऱ्याच्या, मधुसूदनच्या, नकाशांच्या नळीत गेला. झांजा उशीच्या अभ्र्यात. वाजवायची पेटी मात्र घरीच राहिली. तिला जागा नव्हती. नाताळ घराबाहेर करायचा तर घराचे किती बारीक तुकडे करून बांधावे लागतात, हे तिला त्या दिवशी कळलं.

"लोक नाताळला घरी येतात. तुम्ही निघालात रानात," वन्सं म्हणाल्या. मधुसूदनची ही थोरली बहीण मदतीला म्हणून सदर बाजारातून टांगा करून आली होती, आणि सकाळपासून खुर्चीत बसून मदत करत होती.

"रानात कुठं, ताई? बरुआसागरला. तलाव आहे, किल्ला आहे. गोरे साहेब मुद्दाम जातात हवापालटाला," मधुसूदन म्हणाला.

"हो ना. तू रात्रभर रुळांवर कंदील घेऊन, आणि ही लेकरं घेऊन डब्यात एकटी. भारी हवापालट रे बाबा!"

मधुसूदन रेल्वेत रुळांची देखरेख करणारा इन्स्पेक्टर होता. नाताळच्या पहाटे लाटसाहेबाची स्पेशल गाडी झाशीहून माणिकपूरकडे जायची होती. त्याआधी बेतवेच्या पुलापासून पुढचा रस्ता त्याला ट्रॉलीवरून डोळ्यांखालून घालायचा होता. त्याच्या साहेबानं एवढी मेहेरबानी केली, की लायनीवर राहायचा डबा घे, बायकामुलांना घेऊन जा, तेवढीच त्यांची सुट्टी. डबा म्हणजे चाकांवरचं लहानसं घरच होतं. झोपायची खोली, चुलीपुरता कोपरा, आणि दोन्ही अंगांना एकेक दार.

ही दोन दारंच प्रेमलाच्या डोक्यातून जात नव्हती.

मधुसूदनचे पूर्वज सुभेदारांच्या काळी दप्तर सांभाळायला झाशीत आले होते. त्याच्या आजोबांनी मिशनच्या शाळेत शिकता शिकता बाप्तिस्मा घेतला. देवघर गेलं; करंजी राहिली, उंबऱ्यावरची रांगोळी राहिली. आणि आजोबांनी एक नवा रिवाज घातला. नाताळच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला मुलांनी आपला एक बूट दाराच्या आत ठेवायचा. सकाळी त्यात काहीतरी असतं. ते कुणी ठेवलं हे विचारायचं नाही. विचारलं तर पुढच्या वर्षी बूट रिकामा.

सिंधू चार वर्षांची असताना तिची आई, अंबिका, तापानं गेली. त्या नाताळात मधुसूदननं बुटात एक लाकडी मोर ठेवला. "आईनं ठेवला," सिंधू म्हणाली. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. रिवाजच तसा होता. पुढच्या वर्षी पहाटे सगळे झोपेत असताना तिनं दार उघडलं. आई परत जाताना तरी दिसेल, म्हणून. ती ओटीवर काकडून बसलेली सापडली. त्यानंतर त्यानं प्रेमलाशी लग्न केलं. मागच्या नाताळात प्रेमला बाळंतपणासाठी नगरला माहेरी होती, तेव्हा पोर फाटक उघडून पार यार्डापर्यंत गेली. एका पॉइंट्समननं तिला उचलून घरी आणली.

"पदर दिसला होता," सिंधू म्हणाली होती. "मी हाक मारली तर आई चालायलाच लागली."

मधुसूदननं हे प्रेमलाला हसत हसत सांगितलं. मधेच तो कंदिलाची काच पुसायला लागला.

दर वर्षी पोर थोडी आणखी लांब जात होती. आणि यंदा दार उघडलं की समोर ओटी नसणार होती.

*

सिंधू तिला आई म्हणत नसे. प्रेमलाजी म्हणे, शेजारच्या मास्तरांच्या घरी शिकलेल्या हिंदी अदबीनं. जेवायला वाढलं की जेवे, वेणी घालायला बसवलं की बसे. पाहुण्यांच्या मुलीसारखी.

पावसाळा सरल्यावर ट्रंका उन्हात घालताना प्रेमलाला एक लाल मोजा सापडला. एकच. चार वर्षांच्या पायाचा, सैल, मऊ हातानं विणलेला. सोबत सुया आणि उरलेली लोकर. दुसरा घ्यायच्या आतच अंबिकेला ताप आला असणार. प्रेमलानं मोजा गालाला लावून पाहिला आणि मग उगीच लाजली, कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरल्यासारखी.

याच लोकरीचे, आताच्या पायाच्या मापाचे मोजे विणायचे, असं तिनं ठरवलं. यंदा बुटात तेच ठेवायचे. कुणी ठेवले हे विचारायचं नसतंच. पण पोरीच्या पायांना तरी कळेल.

बाळ अंगावर पीत झोपी गेलं की तशीच, हलायचं नाही म्हणून. डाळ शिजेपर्यंत. मधुसूदनची अंघोळ होईपर्यंत. अशा उसन्या वेळात ती विणत राहिली. तिचा हात पहिल्यापासून घट्ट. टाके कसे दात आवळून बसल्यासारखे पडत. घट्ट विणीला लोकर जास्त लागते. एक मोजा पुरा झाला, दुसरा चवड्यापर्यंत आला आणि लोकर संपली. सदर बाजारातली सगळी लाल लोकर तिनं उजेडात धरून पाहिली. एकही जुळेना.

ती लोकर आता एकाच ठिकाणी होती. त्या लहान मोज्यात. तिनं त्याचं टोक शोधलं, बोटात धरलं. ओढवेना. शेवटी दीड मोजा आणि तो लहान मोजा तसाच पिशवीत घालून ती निघाली.

*

डबा गाडीच्या शेवटी जोडला होता. सिंधू मांडीवर एक गाठोडं घेऊन खिडकीशी बसली. ते ती कुणाला हात लावू देईना.

बेतवेचा पूल आला तेव्हा तिनं विचारलं, "प्रेमलाजी, गाडीला पत्ता असतो का?"

"गाडीला कसला पत्ता?"

"मग आईला कसं कळणार आपण कुठे आहोत ते?"

पुलाच्या लोखंडाचा खडखडाट चालला होता. तो ओसरेपर्यंत प्रेमला थांबली. "यंदा नाही आली तर चालेल का ग?" तिनं हळूच विचारलं.

सिंधूनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं मोठी माणसं लहानांकडे पाहतात. "मी इंतजाम केलाय," ती म्हणाली आणि गाठोड्यावर हात ठेवला.

बरुआसागरला डबा प्लॅटफॉर्मच्या कडेला लागला. हवेत ओल्या आल्याचा वास होता; शेतकरी पोती भरून स्टेशनात बसले होते. दुपारी मधुसूदन त्यांना तलावावर घेऊन गेला. एका म्हाताऱ्या नावाड्यानं नाव काढली. मधुसूदन गाणं म्हणत होता, बाळ पाण्याकडे बघून टाळ्या पिटत होतं, आणि सिंधू आपल्या शेजारची जागा फ्रॉकच्या घेरानं झाकून बसली होती.

"नीट मधे बस की," मधुसूदन म्हणाला.

"मग ती कुठे बसेल?"

मधुसूदनचं गाणं थांबलं. नावाड्यानं वल्हं उचललं, नाव कुठल्या अंगाला कलतेय ते पाहिलं, आणि सिंधूच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"बिन्नू, उतै को बैठो है?" त्यानं विचारलं. बेटा, तिकडे कोण बसलंय?

"आई," सिंधू म्हणाली.

नावाड्यानं नाव वळवली. परतताना तो दुसऱ्या अंगाला सरकून बसला. तोल सांभाळायला बसतात तसा.

*

संध्याकाळी मधुसूदन ट्रॉलीवर निघून गेला. प्रेमलानं तारा दिव्याच्या कडीला बांधला. करंज्या पिठातून काढल्या, फुंकून फुंकून ताटात मांडल्या. एकही मोडली नव्हती. सिंधूनं झांजा वाजवल्या, दोघींनी मिळून ख्रिस्तजन्माची गाणी म्हटली. पेटीवाचून ती विहिरीत म्हटल्यासारखी वाटली.

मग सिंधूनं प्लॅटफॉर्मच्या बाजूच्या दाराशी आपला बूट ठेवला. गाठोडं सोडलं. आत चपला होत्या. जुन्या, बाईमाणसाच्या, अंगठ्याशी झिजलेल्या. तिनं त्या बुटाशेजारी कोपऱ्यात जोडीनं मांडल्या.

"आपली चप्पल असली की माणसाला घर कळतं," ती म्हणाली.

प्रेमलानं पलीकडच्या बाजूचं दार ताऱ्याच्या उरलेल्या सुतळीनं घट्ट बांधून टाकलं. त्या बाजूला दुसरा रूळ होता, मग दगड काढून काढून झालेली खाण, तलावाच्या झिरप्यानं भरलेली, आणि तिला वळसा घालून पलीकडच्या काठावर गेलेली सायडिंग, खडी भरायचा बाजूचा रूळ. प्लॅटफॉर्मकडच्या दाराची मात्र फिकीर नव्हती. मधुसूदन पहाटे त्याच दारानं यायचा होता, आणि स्टेशनच्या गनेसी हमालाला तिनं बजावून ठेवलं होतं: पोरगी खाली उतरली तर धरून ठेव, दोन करंज्या जास्त देईन.

"चार," गनेसी म्हणाला होता.

दिव्याखाली बसून तिनं विणकाम बाहेर काढलं. नुसतं हातात धरायला.

"बाळाचं आहे?" सिंधूनं पांघरुणातून विचारलं.

"हं."

"आई म्हणते, तुमचा हात घट्ट आहे."

प्रेमलानं सुया मांडीवर ठेवल्या. "कधी म्हणाली?"

"आत्ता. तुमच्या मागेच आहे ना."

मागे लाकडी भिंत होती. तिथून गार वारा मानेवर येत होता. लाकूड जुनं होतं, फटी असणारच. प्रेमलानं मान वळवली नाही.

"आणखी काय म्हणते?"

सिंधूनं जांभई दिली. "लोकर पुरायची नाही म्हणते."

ही गोष्ट प्रेमला कुणाजवळ बोलली नव्हती. मधुसूदनजवळही नाही.

पोर झोपली. मग भिंतीकडे पाठ ठेवूनच, अगदी हळू, एखाद्या थोरल्या जावेशी बोलावं तसं प्रेमला बोलली.

"बाई, तुमची आहे ती. मी कुठं नाही म्हणते? येत जा, बघत जा. पण तिला मागे मागे नेऊ नका. एवढं माझं ऐका. ती येते हो तुमच्या मागून."

वारा तसाच येत राहिला. तिनं लहान मोजा मांडीवर घेतला, अर्धा मोजा त्याच्या शेजारी ठेवला, टोक बोटात धरलं. तेवढ्यात बाळ रडलं. तिनं त्याला पदराखाली घेतलं, भिंतीला टेकली. बाळ चोखत राहिलं, तिचे डोळे जड झाले. मधेच कधीतरी डबा हिसक्यानं हलला, साखळ्या वाजल्या, बाहेरून गनेसीचा आवाज आला, "बहूजी, स्पेसल के लाने डिब्बा उतै सरका रए. डरियो नईं." स्पेशलसाठी डबा तिकडे सरकवतोय, घाबरू नका.

"बरं," ती झोपेतच म्हणाली.

तिकडे म्हणजे कुठं, हे तिनं विचारलं नाही.

*

शिट्टीनं ती जागी झाली. लांबून येणारी, लांबट, मोठ्या इंजिनाची. खिडकीत अजून दूधपाण्यासारखा उजेड. बाळ मांडीवर गाढ झोपलेलं. समोरचं अंथरूण रिकामं.

दाराशी सिंधू उभी होती. दोन्ही हातांनी दाराची कडी ओढत होती. दार आतल्या अंगाला उघडणारं. वीतभर उघडलं होतं आणि तिथंच अडून राहिलं होतं. त्या फटीतून धुकं आत येत होतं, आणि पोरीचा एक पाय गुडघ्यापर्यंत बाहेर.

"सिंधू!"

"अडकलंय," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "मी जाईन कशी?"

प्रेमलानं बाळाला अंथरुणावर टाकलंच म्हणा, आणि पोरीच्या कमरेला मिठी मारून तिला मागे ओढलं. दोघी खाली बसल्या. मग तिनं फटीतून बाहेर पाहिलं.

प्लॅटफॉर्म नव्हता. पायरीखाली खडीचा उतार होता, उताराखाली काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्याच्या तळाशी काळं पाणी होतं. धुकं त्याच्यावरून हळू हळू सरकत होतं. रात्री डबा खाणीपलीकडच्या सायडिंगवर ढकलला होता; आता स्टेशन आणि डबा यांच्यामधे खाण होती. काल जे दार स्टेशनकडे होतं ते आज खाणीच्या तोंडाशी आलं होतं. आणि तिनं सुतळीनं बांधलेलं, धोक्याचं म्हणून बांधलेलं दार आता सुरक्षित जमिनीकडे होतं.

तेवढ्यात खाणीपलीकडच्या रुळांवरून लाटसाहेबाची गाडी गेली. उजळलेल्या खिडक्यांची रांग फटींमधून भिंतीवर धावली, ताटातल्या करंज्या थरथरल्या, तारा गरगर फिरला. तिनं सिंधूचं डोकं छातीशी धरून ठेवलं. गाडी गेली. मग डब्यात फक्त बाळाचं रडू राहिलं.

प्रेमलानं दाराखाली पाहिलं. एक चप्पल दाराच्या खाली, पाचर ठोकावी तशी घट्ट बसली होती. हिसक्यानं कोपऱ्यातून सरकली असेल. सरकतेच वस्तू गाडीत. दुसरी मात्र कोपऱ्यात जिथल्या तिथं होती.

"आईनं घातली ती मधे," सिंधू म्हणाली. आता ती रडत नव्हती. "मला वाटलं ती निघाली. मी म्हटलं, मी येते. तर तिनं चप्पलच घातली."

"आणि ती... गेली कुठं?"

"गेलीच नाही. आत आहे." सिंधूनं सहज बोट दाखवलं, जिथं प्रेमला रात्रभर टेकून बसली होती त्या भिंतीकडे. "यंदा बाहेर नाही गेली. तू झोपली होतीस ना, तुझ्याजवळ होती."

प्रेमलानं आधी दार लावलं. चप्पल काढायला जोर करावा लागला. कडी सरकवली, वर बाळाचं दुपटं पीळ घालून बांधलं. गाठ दोनदा सुटली, तिनं तिसऱ्यांदा मारली. मग बाळाला उचललं. मगच तिला बूट आठवला.

रात्री त्यात काही ठेवायचं राहूनच गेलं होतं. काय ठेवणार होती? दीड मोजा?

"मिळालं!" सिंधू ओरडली.

तिच्या हातात दोन लाल मोजे होते. दोन्ही पुरे.

प्रेमलानं पिशवी उलटी केली. सुया निघाल्या, कात्री निघाली. लहान मोजा नव्हता. होता तो लाल लोकरीचा वीतभर तुकडा, विणीची जुनी वळणं अजून धरून ठेवलेला, कुरळा.

झोपेत विणलं असेल का आपण? बायका झोपेत पाळणा हलवतात, झोपेत पोराला पाजतात. हात आपले आपण काम करतात. तिनं बोटं पाहिली. काही सांगता येईना.

सिंधूनं मोजे पायांत चढवले होते आणि अंगठे हलवत होती. एका मोज्याच्या टोकावरून तिनं बोट फिरवलं, मग दुसऱ्याच्या.

"हे बघ. हा सगळा घट्ट आहे. आणि याचं टोक ढिलं." ती विचार करत राहिली. "दोन्ही गरम आहेत," सिंधू शेवटी म्हणाली. "करंजी देतेस?"

*

ऊन वर आलं तेव्हा मधुसूदन आला. डोळे लाल, कोटावर दव. डबा कुठं उभा आहे हे त्यानं रुळांवरूनच पाहिलं होतं. आत आल्यावर तो सिंधूला कितीतरी वेळ धरून उभा राहिला. गनेसी खाली करंज्यांसाठी उभा होता आणि पुन्हा पुन्हा कान पकडत होता. प्रेमलानं त्याला चारच्या चार दिल्या. त्याच्यावर रागवायलासुद्धा तिच्यात त्राण नव्हतं. सांगितलं तर त्यानं होतं, ऐकलं तिनं नव्हतं.

मधुसूदनची नजर लाल मोज्यांवर गेली. ती लोकर त्यानं ओळखली. त्यानं खाली बसून मोज्याच्या टोकावर अंगठा ठेवला, आणि तो अंगठा तिथून हलेना.

"ही वीण," तो म्हणाला. "प्रेमला, हे टोक कुणी..."

"बाबा!" सिंधू ओरडली. "विचारायचं नाही!"

मधुसूदननं प्रेमलाकडे पाहिलं. तिनं मान हलवली, नाही म्हणून की माहीत नाही म्हणून, त्याचं त्यालाच ठरवू दिलं.

दुपारी डबा झाशीच्या गाडीला जोडला. सामान बांधताना सिंधूनं गाठोड्याचं फडकं झटकलं, चपला उचलायला गेली. प्रेमलानं तिचा हात धरला.

"राहू दे तिथंच. गाडी हलते. दाराशी असलेल्या बऱ्या."

तिनं स्वतःच दोन्ही चपला उचलल्या, दाराच्या आतल्या अंगाला नीट जोडीनं ठेवल्या. चवडे आत, टाचा दाराकडे, नुकतंच कुणी घरात आलं असावं तशा. मग बाळाला घेऊन त्याच भिंतीला टेकून बसली. फटीतून वारा येतच होता. या वेळी तिनं पदर मानेवर ओढून घेतला नाही.

बेतवेच्या पुलावर सिंधू तिच्या दुसऱ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. पायांत लाल मोजे होते.